बीजगणित एकट्याने सुटत नाही



गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. चिंचपोकळीत आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक लहानशी खोली आहे. तेथे दर रविवारी सकाळी दहा ते साडेबारा आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा गणिताचा वर्ग आम्ही काही कार्यकर्ते चालवतो. त्या दिवशी वीस-बावीस मुले जमली होती. चार-चारांचे गट करून सतरंजीवर बसली होती. कोणी जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे कापत होते, कोणी खडूने फरशीवर रेघा ओढत होते आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. एवढ्यात एक आजोबा नातवाला न्यायला आले. सारे आयुष्य गिरणीत गेलेले, १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करून घर सावरलेले. दारातच थबकले आणि म्हणाले, "ताई, ही शिकवणी हाय का भाजीबाजार? पोरं नुसती बोलत्यात. शिकवतंय कोण?"

आजोबांचा प्रश्न रास्त होता. आपल्याला शाळा म्हटली की एकच चित्र आठवते. फळ्याजवळ गुरुजी, समोर हाताची घडी घातलेली मुले, आणि तोंडावर बोट. जो गप्प बसतो तो शहाणा, जो शेजाऱ्याला विचारतो तो लबाड. आपण सगळे असेच शिकलो. मीही अशीच शिकले, आणि म्हणूनच नापास झाले.

हो, मी दहावीला बीजगणितात नापास झालेली बाई आहे. साल १९९६. शाळेचे नाव सांगत नाही, कारण तशा शाळा तेव्हा पुष्कळ होत्या. आठवीत पहिल्यांदा फळ्यावर अक्षरांची बेरीज आली तेव्हा मी उभी राहून विचारले होते, "सर, पण हे अक्षर म्हणजे नक्की काय?" सर म्हणाले, "अक्षर म्हणजे अक्षर. बस खाली." वर्ग हसला. त्यानंतर तीन वर्षे मी गणिताच्या तासाला प्रश्न विचारला नाही. उत्तरे पाठ केली, रीत पाठ केली, आणि परीक्षेत प्रश्नातला आकडा बदलला तशी माझी गाडी रुळावरून घसरली. मग ऑक्टोबरची वारी.

त्या ऑक्टोबरला मी पास झाले ती कोणत्याही क्लासमुळे नव्हे. क्लासला पैसे कोठून आणणार? आमच्या चाळीत गणितात आपटलेल्या चार मुली होत्या. रात्री जेवणे आटोपली की गॅलरीतल्या दिव्याखाली आम्ही चौघी बसायचो. एकीला समीकरण मांडता यायचे पण चिन्हात चुकायची. दुसरीला चिन्हे पक्की, पण उदाहरण वाचून कळायचे नाही. मला वाचून कळायचे, मांडता यायचे नाही. चौथी नुसती म्हणायची, "पण असं का?" आणि तिच्या त्या "का" ने आम्हा तिघींना शिकवले. चौघी पास झालो. पुढे मी सकाळच्या कॉलेजात बी.कॉम. केले, आज कारकुनी करून घर चालवते आहे. दिवसभर आकड्यांतच असते, आणि मनात येते की त्या गॅलरीत दिवा नसता तर?

म्हणून आज बीजगणिताविषयी लिहिते आहे. विषय रूक्ष वाटेल, पण आपल्या घरातली किती मुले-मुली या एका विषयावरून शाळा सोडतात ते तुम्हीच आठवून पाहा.

मुलांत खोट नाही

आपल्या मुलाला गणित आले नाही की सगळ्यात आधी आपणच म्हणतो, "आमच्यात कुणाला जमलंय? डोकंच नाही." हे वाक्य घराबाहेरच्यांनी आपल्याला शिकवलेले आहे. ते खोटे असल्याचा पुरावा आपल्याच मुंबईत आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आज ते मानखुर्दला आहे. त्याची सुरुवात मात्र नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत झाली. या केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि एस. सी. आगरकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या माध्यमिक शाळांतली अनुसूचित जातींची मुले घेऊन एक काम केले. आठवीपासून दहावीपर्यंत या मुलांना विज्ञान आणि गणितात मदत करायची आणि ती नेमकी कोठे अडतात ते शोधायचे. झोपडपट्टीतली, चाळीतली, घरात पहिल्यांदाच शाळेचा उंबरठा ओलांडणारी मुले. हीच मुले योग्य मदत मिळाल्यावर पुढे गेली. १९८५ साली त्यांनी या कामावर पुस्तकही काढले.

त्यांना दिसलेला सगळ्यात मोठा अडथळा होता तो भाषेचा, बुद्धीचा नव्हे. पाठ्यपुस्तकातली मराठी आणि मुलाच्या घरातली मराठी वेगवेगळी. ज्या मुलाला वाक्यच कळले नाही त्याला त्यातले गणित कसे कळावे? भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, की वर्गात प्रश्न येऊ लागतात. गप्प बसलेल्या मुलाचे कोठे चुकते आहे हे कोणालाच कळत नाही, त्याला स्वतःलाही नाही. बोलणाऱ्या मुलाचे कळते.

आमच्या रविवारच्या वर्गात बोलणे का चालते, त्याचे कारण हे आहे.

लोकलमधले वजाबाकीचे कोडे

आता प्रत्यक्ष काय करतो ते सांगते. बीजगणितात मुलांचे पहिले पाऊल घसरते ते उणे संख्यांवर. "वजा वजा अधिक" हे सगळ्यांना पाठ असते आणि का ते कोणालाच माहीत नसते.

आम्ही फरशीवर एक लांब रेघ ओढतो. मधोमध चिंचपोकळी, म्हणजे शून्य. दादरच्या दिशेला करीरोड अधिक एक, परळ अधिक दोन, दादर अधिक तीन, माटुंगा अधिक चार. उलट दिशेला भायखळा उणे एक, सँडहर्स्ट रोड उणे दोन, मशीद उणे तीन, सीएसएमटी उणे चार. प्रत्येक गटातला एक मुलगा प्रवासी होतो आणि रेघेवर चालतो. मग प्रश्न: भायखळ्याहून दादरला जायला किती स्टेशने आणि कोणत्या दिशेला? मुले मोजतात, चिंचपोकळी, करीरोड, परळ, दादर. चार, दादरच्या दिशेला. आता हेच लिहा. जेथे पोचलो त्यातून जेथून निघालो ते वजा करायचे. तीन वजा उणे एक. उत्तर तर चालून मिळालेलेच आहे, चार. म्हणजे वजा उणे एक याचा अर्थ अधिक एक झाला. हे सांगावे लागत नाही, पोरे स्वतःच ओरडून सांगतात.

ही युक्ती माझी नाही. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत बॉब मोझेस नावाचे एक कृष्णवर्णीय गणित शिक्षक होते. १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची नावे मतदार यादीत यावीत म्हणून त्यांनी जीव धोक्यात घालून काम केले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. त्याच माणसाने १९८२ साली 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' म्हणजे बीजगणिताचा प्रकल्प सुरू केला. त्यांचे म्हणणे साधे होते. काल मताचा हक्क नसलेला माणूस जसा व्यवहाराबाहेर राहिला, तसा आज बीजगणित न येणारा मुलगा पुढच्या शिक्षणाबाहेर आणि चांगल्या रोजगाराबाहेर राहतो. म्हणून बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. मोझेस २०२१ साली वारले.

मोझेस मुलांना बॉस्टनच्या भुयारी रेल्वेत घेऊन जात. परत आल्यावर पाच पायऱ्या असत. आधी प्रत्यक्ष प्रवास. मग त्याचे चित्र काढायचे. मग आपल्या घरच्या बोलीत एकमेकांना सांगायचे. मग तेच नेमक्या शब्दांत बांधायचे, कोठून निघालो, कोठे पोचलो, किती आणि कोणत्या दिशेला. आणि सगळ्यात शेवटी चिन्हे. आपल्याकडे बहुतेक वेळा शेवटच्या पायरीपासून सुरुवात होते, आणि मग मूल पडले की त्यालाच बोल लावतात.

त्यांची भुयारी गाडी आणि आपली धीमी लोकल. उणे-अधिक दोन्हीकडे सारखेच.

दोन बिले आणि एक शोध

दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे. पुस्तकात इंग्रजी अक्षरे असतात, येथे मी क्ष आणि य लिहिते.

आम्ही प्रत्येक गटाला दोन चिठ्ठ्या देतो. पहिल्या चिठ्ठीवर: तीन वडापाव आणि दोन चहा, बिल ८० रुपये. दुसरीवर: दोन वडापाव आणि तीन चहा, बिल ७० रुपये. एकाचा भाव किती? गटात चार कामे वाटलेली असतात. एकाने उदाहरण मोठ्याने वाचायचे. दुसऱ्याने तेच पुस्तकाकडे न पाहता आपल्या शब्दांत सांगायचे. तिसऱ्याने चिन्हांत मांडायचे. चौथ्याने ताळा करायचा. पुढच्या उदाहरणाला कामे बदलतात, म्हणजे कोणी कायमचा वाचणारा आणि कोणी कायमचा ऐकणारा राहत नाही.

त्या रविवारी एका गटातली नववीतली मुलगी म्हणाली, "ताई, दोन्ही बिलं एकत्र करू या ना. पाच वडापाव, पाच चहा, दीडशे रुपये. म्हणजे एक वडापाव आणि एक चहा तीस रुपये." शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "आणि एकातून दुसरं काढलं तर? एक वडापाव जास्त, एक चहा कमी, फरक दहा रुपये." झाले. बेरीज तीस, फरक दहा. वडापाव वीस रुपये, चहा दहा रुपये. ताळा करणारी म्हणाली, "तीन वीस साठ, दोन दहा वीस, ऐंशी. बरोबर."

मग आम्ही लिहिले: ३क्ष + २य = ८०, २क्ष + ३य = ७०. बेरीज ५क्ष + ५य = १५०, म्हणून क्ष + य = ३०. वजाबाकी क्ष − य = १०. सहगुणक उलटसुलट असले की दोन समीकरणांची बेरीज आणि वजाबाकी करायची, ही दहावीच्या पुस्तकातली रीत आहे. पाठ करायला दिली असती तर आठ दिवसांत विसरली असती. त्या मुलीने ती स्वतः शोधली. आता ती रीत तिची आहे.

ही मुलगी कोण ते सांगते, नाव सांगत नाही. तिची आई साफसफाईच्या कंत्राटावर कामाला आहे. जूनमध्ये ती मला जिन्यात भेटली होती. म्हणाली, "ताई, हिला गणित काय झेपत नाही. शाळेतपण दांड्या मारते. नववी झाली की बास करू का? माझ्यासंगं कामाला येईल." मी तेव्हा एवढेच म्हणाले, "वहिनी, चार रविवार पाठवा. मग ठरवू."

पुठ्ठ्याचे चौकोन

आणखी एक ठिकाण, जेथे शेकडो मुले एकच चूक करतात. अ अधिक ब याचा वर्ग किती? मुले लिहितात, अ वर्ग अधिक ब वर्ग. मास्तर लाल फुली मारतात, मूल पुन्हा तेच लिहिते.

जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा किंवा लग्नपत्रिका घ्या. तीन बोटे बाजू असलेला चौरस कापा, आणि दोन बोटे बाजू असलेला दुसरा. आता पाच बोटे बाजू असलेला मोठा चौरस या दोघांनी भरून दाखवा. भरत नाही. तीनाचा वर्ग नऊ, दोनाचा वर्ग चार, मिळून तेरा. पण पाचाचा वर्ग पंचवीस. बाराची भोके राहतात. ती भोके कशी आहेत? दोन पट्ट्या, प्रत्येकी तीन बाय दोन. म्हणजे दोन वेळा अ गुणिले ब. मुलाने हे भोक एकदा डोळ्यांनी पाहिले की २अब तो सहसा विसरत नाही.

असेच एक मोठा चौरस, पाच लांब पट्ट्या आणि सहा लहान चौकोन देऊन त्यांचा एक सलग आयत करायला सांगतो. पट्टीची लांबी मोठ्या चौरसाच्या बाजूइतकी आणि रुंदी लहान चौकोनाच्या बाजूइतकी ठेवायची. पोरे धडपडतात, भांडतात, आणि शेवटी आयत जमतो. एक बाजू क्ष अधिक दोन, दुसरी क्ष अधिक तीन. हेच क्ष वर्ग अधिक ५क्ष अधिक ६ चे अवयव. यासाठी एक पैसा खर्च होत नाही.

आणि एक खेळ, तो तुम्ही घरीही करू शकता. आठ जण जमले आणि प्रत्येक जोडीने एकदाच एकमेकांना जयभीम केला, तर एकूण किती जयभीम झाले? प्रत्येकाने सात जणांशी केला, आठ गुणिले सात छप्पन्न. पण प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून अठ्ठावीस. आता शंभर माणसे असतील तर? मुले हळूहळू स्वतःच सूत्र बांधतात. माणसे न असतील, त्यातून एक वजा करून गुणायचे आणि दोनाने भागायचे.

गटाचेही नियम असतात

आता कोणी म्हणेल, मुले एकत्र बसवली की झाले. तसे नाही. पहिले दोन महिने आमचाही गोंधळ झाला. प्रत्येक गटात एक हुशार मुलगा सगळे सोडवायचा आणि बाकीचे तीन उतरवून घ्यायचे. मुलींच्या वाट्याला "तुझं अक्षर चांगलं, तू लिही" एवढेच काम यायचे. एक पोरगा तर तासभर पुठ्ठ्याचे विमान करत होता.

मग आम्ही नियम केले. एक, कामे फिरती. दोन, पेन गटात एकच आणि ते दर उदाहरणाला पुढे सरकते. तीन, उत्तर सांगायला गटातल्या कोणालाही उठवले जाईल, आणि त्याला आले तरच गटाला गुण. म्हणजे हुशार मुलाला मागच्याला शिकवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि शिकवताना त्याचे स्वतःचेही पक्के होते. चार, कधी कधी एका उदाहरणाची माहिती चार चिठ्ठ्यांत वाटून द्यायची. आपली चिठ्ठी वाचून दाखवायची, पण दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. म्हणजे चौघांपैकी एकाला जरी गप्प बसवले तरी उदाहरण सुटत नाही. याच जातीची पद्धत १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिन शहरात एलियट अॅरन्सन यांनी काढली. तेव्हा तेथे गोरी आणि काळी मुले पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गात तणाव होता. एकमेकांवाचून अडते हे कळल्यावर मुले एकमेकांचे ऐकू लागली.

पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा. शेवटची वीस मिनिटे संपूर्ण शांतता. प्रत्येकाने एकट्याने दोन उदाहरणे सोडवायची. कारण बोर्डाच्या परीक्षेत बीजगणिताच्या चाळीस गुणांच्या पेपरला दोन तास एकट्यालाच बसायचे आहे. गटात समजायचे आणि एकट्याने सराव करायचा. नुसते खेळ करून पास होता येत नाही, हे मुलांनाही स्पष्ट सांगावे. गेली काही वर्षे त्या पेपरात "कृती पूर्ण करा" असे प्रश्न येतात. पायऱ्या अर्ध्या दिलेल्या असतात आणि रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. ज्याने पायरीमागचे "का" गटात बोलून घेतले आहे त्याला त्या चौकटी अवघड जात नाहीत.

शाळेतल्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, वर निवडणुकीची कामे. तरीही एक गोष्ट करता येते. पुढच्या बाकावरची दोन मुले मागे वळून बसली की चार जणांचा गट तयार. बाक हलवावा लागत नाही. आठवड्यातून एक तास असा दिला तरी पुष्कळ.

एकटे शिकणाऱ्याची शिक्षा

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणित शिक्षकाला दिसले की कृष्णवर्णीय विद्यार्थी गणिताच्या पहिल्याच वर्षी मोठ्या संख्येने मागे पडतात. प्राध्यापक म्हणत, यांना तळमळ नाही, घरी वातावरण नाही. ट्राइसमन यांनी विद्यार्थ्यांबरोबर राहून पाहिले. तळमळ होती, कष्टही होते, आईवडिलांचा पाठिंबाही होता. पण ही मुले एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसत, एकमेकांच्या वह्या तपासत, जेवतानाही गणिताविषयी बोलत. मग ट्राइसमन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी गटाने बसून अवघड उदाहरणे सोडवण्याचे वर्ग सुरू केले. लक्षात घ्या, अवघड, सोपी नव्हेत. त्यांचे निकाल पालटले.

आपल्या मुलांना एकटे का पडावे लागले, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गातली मुले आरडाओरडा करत धावली, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागे होते. बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग नोंदलेला आहे. ज्याला फळ्यापर्यंत जाऊ द्यायचे नाही त्याच्याबरोबर बसून अभ्यास कोण करणार? आज डबे कोणी उचलत नाही. पण "बस खाली" ऐकून गप्प झालेले मूल फळ्यापासून तेवढेच दूर राहते. गट करून बसणे हा त्याला फळ्यापर्यंत नेण्याचा रस्ता आहे.

आजोबांचे उदाहरण

आता दारातल्या आजोबांकडे परत येऊ. मी त्यांना म्हटले, "काका, आत या, बसा. पोरांना तुमच्या गिरणीतल्या पगाराचा हिशेब सांगा." आधी संकोचले, मग मांडी घालून बसले. म्हणाले, "माझा बाप कताईखात्यात. पगार ठरलेला. साचेखात्यातल्यांना मालावर, जेवढं कापड तेवढा पैसा. तिकडं पगार जास्त. पण बापाला तिकडं पाय ठेवू दिला नाही. धागा तुटला की तोंडानं ओढायला लागायचा. आमच्या तोंडाचा धागा चालत नव्हता."

खोली शांत झाली. ही एका घराची गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना याच कारणाने साचेखात्याबाहेर ठेवले जाई, आणि १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता.

मुलांनी मग त्याचेच समीकरण केले. आकडे सोयीचे धरले, खऱ्या पगाराचे नव्हेत. कताईचा पगार ठरलेला तीस, म्हणजे य = ३०. साचेखात्यात दहा ठरलेले आणि कापडाच्या प्रत्येक नगाला दोन, म्हणजे य = २क्ष + १०. दोन्ही कोठे सारखे? दहा नगांवर. पंधरा नग काढले तर चाळीस. आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या. एक आडवी, एक चढती. ती नववीतली मुलगी कागदाकडे बघत म्हणाली, "ताई, ही आडवी रेघ किती काम केलं तरी आडवीच."

आजोबा काही बोलले नाहीत. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून शेवटपर्यंत बसले. आता दर रविवारी येतात आणि पोरांना तोंडी हिशेब घालतात. गोंधळाची तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही, पण खोलीची किल्ली तेच आणतात.

आणि त्या मुलीचे काय झाले? चाचणीत तिला वीसपैकी अकरा गुण मिळाले. मागच्या वेळी चार होते. अकरा म्हणजे काही मोठी मजल नव्हे. तिची आई परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "दहावीपर्यंत तर बघू." मी तेवढ्यावर खूश आहे.

तुम्ही काय कराल?

वाचकहो, तुम्हाला बीजगणित येत नसले तरी चालेल. चार गोष्टी करा. मूल शाळेतून आले की "किती गुण मिळाले" याच्या आधी "आज काय विचारलंस" हे विचारा. चाळीतल्या, वस्तीतल्या तीन-चार मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसू द्या, आणि तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. मुलीला त्या वेळी भांडी घासायला उठवू नका. आणि ज्यांच्या वस्तीत विहार आहे त्यांनी त्याचे दार रविवारी दोन तास मुलांसाठी उघडा. सतरंजी, खडू आणि जुने पुठ्ठे पुरेसे आहेत.

"शिका" आणि "संघटित व्हा" हे आपण सभेत नेहमी ऐकतो. सभा संपली की शिकायला मात्र मुलाला एकट्याला कोपऱ्यात बसवतो. ते दोन शब्द एकाच सतरंजीवर आणून पाहा.

पुढच्या रविवारी आजोबांनी पोरांना एक कोडे घातले आहे. तुमच्या घरी चौघांनी मिळून सोडवा: आजोबा आणि नातू यांच्या वयांची बेरीज ८४, आणि आजोबांचे वय नातवाच्या वयाच्या पाचपट. कोणाचे वय किती? उत्तर मी देणार नाही. ताळा मात्र करा.

जयभीम!